मोरीचं तेल आणि नवे टायर

मालवणच्या दांडी किनाऱ्यावर भिकाजी कोयंडे म्हटलं तर कुणी ओळखणार नाही. भिकूतांडेल म्हटलं की शेंबडं पोर घर दाखवील. काठेवाडापर्यंत गलबत हाकलेला माणूस. तुफानात सुकाणू सोडलं नाही ह्याने. पण स्वतःच्या दारातल्या फटफटीवर बस म्हटलं की दोन पावलं मागे सरायचा. पाण्यात पडला तर माणूस पोहेल तरी, दोन चाकांवरून पडला तर काय करील, असं त्याचं शास्त्र!

ती फटफटी आणली त्याच्या एकुलत्या एका मुलाने, हरिश्चंद्राने. हरी मुंबईला गोदीत कामाला. चोपन्न साली त्याने लष्कराने काढून टाकलेली बी.एस.ए. घेतली आणि चक्क आगबोटीतून मालवणला आणली. आगबोटीपासून किनाऱ्याला आलेल्या पडावातून ती हिरवी गाडी उतरवताना बंदरावर अर्धं गाव गोळा झालेलं. चार खलाशी, दोन वासे, आणि भिकूतांडेल गलबत लावावं तसा ओरडतोय, "सांभाळ रे, नाळ वर धर!" नाळ म्हणजे गलबताचं नाक; इथे पुढचं चाक.

पुढच्याच वर्षी आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेला हरी म्हणाला, "बाबांनू, बसा मागे."

"माका नको. आवशीक घेवन जा."

आणि हरीची आई नर्मदा बसली की! पदर दातात, ओटीचा नारळ मांडीवर, एक हात लेकाच्या खांद्यावर. गेली आणि आली. आठ दिवस हसत होती. "अवो, वारो कसो लागता म्हायत आसा? तुमच्या शिडाकसुद्धा तसो लागाचो नाय." तांडेल नुसता हूं म्हणाला. पुढच्या वर्षी बसू, असं मनात म्हणाला.

पुढच्या वर्षी हरीला रजा मिळाली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी नर्मदाच राहिली नाही, तापाने गेली. मग हरीचं लग्न झालं, तिकडेच बिऱ्हाड झालं, आणि अठ्ठावन्नपासून त्याचं येणं थांबलं. फटफटी पडवीत राहिली, तांडेल घरात राहिला.

गाडी मरू द्यायची नाही, एवढं तांडेलाने ठरवलेलं. बाजारातल्या फेलिक्स सायकलवाल्याकडून तो ती सुरू करायला शिकला. दर सोमवारी गाडी स्टँडवर उभी ठेवून किक मारायचा आणि पाच मिनिटं फटफटवायचा. सुरुवातीला आवाज ऐकून शेजारची रुक्मिणी धावत यायची, "हरी इलो काय?" पुढे पुढे ती यायची थांबली. आवाज झाला की लोक म्हणायचे, सोमवार झाला.

तर ह्या माणसाने काय करावं? पावसाळ्याआधी होडीला मोरी माशाच्या तेलाचा हात देतात, लाकूड खाऱ्या हवेला टिकावं म्हणून; तसा ह्याने फटफटीच्या टायरांनाही दिला. एक नाही, तीन पावसाळे! दांडीवरची समस्त मांजरं पडवीत मुक्कामाला. दोघी-तिघी टायर चाटतायत, एखादी सीटवर बसून पुढच्या बंदराची वाट बघतेय. तांडेल त्यांच्याशी बोलायचा. दिवसभरात बोलायला दुसरं होतं कोण?

एकसष्टच्या माघात जत्रेचा दिवस ठरला. त्या जत्रेला पंचांगातली तिथी नसते. देवीचा कौल लागतो, मगच दिवस ठरतो आणि गावोगाव निरोप जातो. तांडेलाने फेलिक्सकडून लगेच मुंबईला जत्रेचा दिवस कळवणारं कार्ड लिहवलं. दहाव्या दिवशी आगबोटीतून गोणपाटात गुंडाळलेले दोन नवे कोरे टायर आले, ट्यूबसकट, आणि चिठ्ठी. तीही फेलिक्सनेच वाचली, "टायर पाठवीत आहे. जत्रेच्या दिवसापर्यंत गाडी तयार ठेवावी."

"बघलंस?" तांडेलाचा चेहरा भरतीसारखा फुगला. "येता हरी. औंदा मीच बसतलंय मागे."

फेलिक्सने चिठ्ठी उलटसुलट केली. "पण येतंय म्हणून खंय लिहिल्यान?"

"लिहूक कित्याक होया? जत्रेक गाडी काय एकटीच जातली?"

फेलिक्सने चिठ्ठी घडी करून तांडेलाच्या हातात दिली. मग गाडी बघायला पडवीत आला आणि टायरात बोट खुपसून ओरडलाच, "तांडेलांनू, ह्यां काय केलात? तेलान रबर कुसता! ह्यो टायर काय, पाण्यात भिजवलेलो पाव झालो!"

"होडयेक चलता, मगे हेका कित्याक नाय?"

"होडी पेट्रोल पिता काय?"

दोघेही हसले. चाकं दुकानात आणा म्हणाला फेलिक्स. पण हरीची गाडी आहे, हात माझाच लागला पाहिजे, हा तांडेलाचा हट्ट. फेलिक्सने एकदा सगळं सांगितलं आणि पाने, टायर उचकटायच्या पट्ट्या, पंप ठेवून गेला.

मग तीन दिवस चाललं ते काम. इंजिनाखाली चिरे रचून गाडी उचलली. साखळीची कडी काढली, ब्रेकचा दांडा सोडवला, आसाचा नट गंजून बसलेला, त्याला खोबरेल पाजून रात्रभर मुरू दिलं. सकाळी नट सुटला, आस बाहेर आला, मागचं चाक भुईवर टेकलं. जुना टायर सुटता सुटेना. शेवटी रिठ्याच्या पाण्याने कडा बुळबुळीत केल्या तेव्हा आला बाहेर. रिमवरचा गंज त्याने वाळूने घासला.

नवा टायर चढवताना पहिल्याच खेपेला घात झाला. घाईत पट्टी आत गेली आणि ट्यूब चिमटली. हवा भरतोय, भरतोय, आणि फुस्स! तांडेल पडवीत एकटाच बसला. चूक सांगायलाही घरात कुणी नाही आणि हसायलाही नाही. नर्मदा असती तर पहिल्यांदा हसली असती आणि मग पेज दिली असती.

दुसऱ्या दिवशी ट्यूबला ठिगळ लावलं आणि फेलिक्सचं सांगणं आठवत हळू घेतलं. ट्यूबमध्ये जराशी हवा, वर पावडर, टायरची कड एका बाजूने रिमच्या खोबणीत ढकलायची की समोरची बाजू आपोआप सैल पडते. शिडाची दोरी ताणताना दुसरीकडे ढील देतात, तसंच हे. एवढं कळल्यावर पुढचं चाक एका दुपारी झालं. चाक हाताने फिरवलं, तर सरळ फिरत राहिलं. तांडेल कितीतरी वेळ ते फिरवत बसला.

मान वर केली तेव्हा लक्षात आलं, पडवी रिकामी होती. नव्या टायरांना वास नव्हता, जुने त्याने पडवीमागे टाकले होते. मांजरं निघून गेली होती.

जत्रेच्या सकाळी तांडेल कोट-टोपी घालून, नारळ घेऊन पडवीत तयार. आठच्या एसटीने येणारी माणसं दारावरून गेली, त्यांत हरी नव्हता. थोड्या वेळाने एक तरतरीत तरुण पत्ता विचारत आला आणि पाया पडला.

"मी गुरुदास. कुडाळचो. तुमच्या सुनेचो भाऊ. भावोजींनी गाडी माका दिली ना, ती न्हेवक इलंय." तांडेलाच्या कपड्यांकडे बघून तो अडखळला. "तुमका सांगल्यानी नाय?"

तांडेलाने नारळ ह्या हातातून त्या हातात घेतला. मुलाला परक्या घरच्या माणसापुढे उणा पडू देईल तो तांडेल कसला?

"सांगल्यान तर! म्हणान तर तयार ठेवलंय. बघ, हवा बघ."

गुरुदासने टायर दाबून बघितले. "झकास बसवल्यानी! कोणी?"

"मीच." टोपी सारखी करून तांडेल म्हणाला, "एक सांगतंय. टायराक तेल लावू नको हां."

गुरुदासला काही कळलं नाही. पण पोरगा मनाचा चांगला. म्हणाला, "जत्रेक जातास ना? चला, सोडतंय. मगे कुडाळाक जातंय."

गाडी आल्यापासून सात वर्षांनी भिकूतांडेल पहिल्यांदा त्या फटफटीवर बसला. पुढे हरीचा खांदा नव्हता. त्याने सीटची कड धरली. कुंभारमाठाची चढण आली, लाल धूळ उडाली, आणि कातळावर वारा लागला. नर्मदा खरं बोलली होती. शिडालाही तसा लागत नाही.

देवळाच्या वाटेवर तो उतरला. वाकून मागच्या टायरावरून हात फिरवला.

"परत कसे जातलात?"

"पाय आसत मा!"

फटफट लांब जाईपर्यंत तो उभा राहिला. मग रांगेत गेला, देवीपुढे हरीच्या नावाने नारळ ठेवला, आणि सबंध वाट चालत दांडीवर पोचला तेव्हा ऊन कलतं झालं होतं.

पडवीमागे जुने टायर पडले होते. एकात एक मांजर वेटोळं करून झोपलं होतं, दुसऱ्यात दोन.

"सरका गो," तांडेल म्हणाला, आणि त्यांच्या शेजारी भुईवर बसला.