बिनआवाजाची चढाई

विमानतळाच्या दारापाशी बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. गिरणीच्या संघातून कबड्डी खेळलेला माणूस, त्यामुळे आशीर्वादसुद्धा मैदानातलाच. "चढाईक गेलंस काय परत येवक व्हया, बाय." मी मान हलवली आणि मागे न बघता आत गेले. दिंडोशीहून पहाटे निघालो तेव्हा आरेच्या झाडांवर दाट धुकं होतं. विमानात बसल्याचं मला अजूनही नीट आठवत नाही. त्या धुक्यात शिरले आणि पलीकडे कोरियात, बुसानच्या समुद्रावर निघाले, असंच वाटत राहतं.

आपल्या क्लबातल्या नव्या पोरी फोनवर विचारतात, ताई, परत कधी येणार? मी का गेले हे त्यांना ठाऊक नाही. जुन्या मुलींना ठाऊक आहे, पण त्या विषय काढत नाहीत. म्हणून नव्या-जुन्या सगळ्यांसाठीच हे लिहायला बसले.

वनिता आणि मी एकाच संघात होतो. मी दिंडोशीच्या कॉलनीतली, ती आरेतल्या पाड्यावरची. सकाळच्या पहिल्या बसने यायची, तिच्या अंगाला गवताचा आणि गोठ्यांचा वास असायचा. आम्ही नाक मुरडायचो आणि तिच्या डब्यातली भाकरी मात्र सगळ्यात आधी संपवायचो. मग एक दिवस पाड्यावर नोटिसा लागल्या. कुठल्याशा मोठ्या प्रकल्पासाठी जागा हवी होती. त्याचा नारळ फोडणारे पुढारीच आमच्या राज्य स्पर्धेच्या अंतिम सामन्याला प्रमुख पाहुणे होते.

त्यांच्यासमोर काहीतरी करायचंच, असं वनिताने ठरवलं होतं. आदल्या दिवशी बसथांब्यावर मी तिला अडवलं. म्हटलं, तुझं घरही जाईल आणि खेळही जाईल, एक तरी राहू दे, मी करते. ती बराच वेळ चपलेने माती उकरत राहिली.

"मग मी काय करू?"

"तू खेळ."

सामना बरोबरीत होता. शेवटच्या चढाईला मी मॅटला हात लावून कपाळाला लावला, मध्यरेषा ओलांडली आणि तोंड उघडलंच नाही. कबड्डी, कबड्डी हा घोष नाही तर चढाई नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. समोरच्या मुली गोंधळल्या आणि त्यांनी साखळीचे हात सोडले. सगळं स्टेडियम पाण्याखाली गेल्यासारखं शांत झालं. मी पाहुण्यांकडे बघत उभी राहिले. पंचांनी शिट्टी वाजवून मला परत पाठवलं, गुण समोरच्यांना दिला आणि आपण एका गुणाने हरलो. बाहेर वार्ताहरांनी विचारलं तेव्हा म्हटलं, पाड्यावरच्या लोकांना कोणी काही विचारलं नाही, म्हणून त्यांच्या वतीने मी गप्प उभी राहिले.

जुन्या मुलींनो, तुम्ही कितीतरी महिने माझ्याशी बोलला नाहीत. तुमचाही तो अंतिम सामना होता, रागावणं बरोबरच होतं. राष्ट्रीय शिबिराच्या यादीत वनिता होती, मी नव्हते. खेळाडू म्हणून ज्या ऑफिसात घेतलं होतं, तिथे मुदत वाढवली नाही. कारण कोणी सांगितलं नाही. वनिताला निळ्या जर्सीत टीव्हीवर पाहिलं त्या दिवशी मला तिचा इतका हेवा वाटला की मी टीव्ही बंद केला. मग पुन्हा लावला आणि ओक्साबोक्शी रडले.

मग बुसानच्या मुलींच्या संघाला शिकवायचं काम मिळालं आणि मी आले. इथे मुली मला 'खोचिनिम' म्हणतात, म्हणजे कोच बाई. किमचीशिवाय, म्हणजे इथल्या आंबवलेल्या तिखट कोबीशिवाय, आता घास उतरत नाही, आईला हे सांगितलं तर तिला लोणच्याची आठवण येते. सकाळी समुद्रावरून धुकं आलं की मला आरेची बस दिसायला लागते, पायरीवर उभी असलेली वनिताही दिसते. इथल्या मुली घोष करताना लाजून हसतात. मी ओरडते, आवाज नसेल तर चढाई नाही. मग माझं मलाच हसू येतं.

गेल्या वर्षी इथल्या स्पर्धेला भारताचा संघ आला आणि पहिलाच सामना माझ्या मुलींशी पडला. वनिता परतताना नेहमी डाव्या खांद्यावरून वळते, हे माझ्याइतकं कोणालाच माहीत नाही. सांगू की नको, या विचारात मी समुद्रावर फिरत राहिले. तिच्यासाठी एकदा मी माझ्या संघाचा सामना घालवला होता. ज्या पोरींनी मला पुन्हा मैदान दिलं त्यांच्याशी तसं वागवेना, म्हणून सांगून टाकलं.

ती वळली आणि माझ्या पाच जणींनी तिला खाली आणलं. मध्यरेषा तिच्या बोटांपासून वीतभर राहिली, तिला हात लागला असता तर ती वाचली असती. त्या ढिगाऱ्याखालून तिने माझ्याकडे बघितलं.

"डावा खांदा सांगितलास ना गं?"

त्या मॅटवर मी पहिल्यांदाच मराठी ऐकत होते. मी हो म्हटलं आणि ती खदखदून हसली.

जिंकला अर्थात भारताचाच संघ. नंतर पायऱ्यांवर बसून तिने सांगितलं की पाडा गेला. त्यांना माहुलला पाचव्या मजल्यावर खोली मिळाली आहे. रिफायनरीच्या वासामुळे तिची आई खिडकी उघडत नाही. मी म्हटलं, मग माझं गप्प राहणं फुकटच गेलं. वनिता म्हणाली, "आई तिकडच्या बायकांना रोज सांगते, आमच्यासाठी एक पोरगी भर मैदानात गप्प उभी राहिली होती. मला बोलायला देत नाही, आधी तुझीच गोष्ट."

संघाची बस सुटली तेव्हा तिने खिडकीतून हात बाहेर काढला. मी धावत जाऊन त्याला हात लावला आणि बस वळेपर्यंत तिथेच उभी राहिले. खोलीवर येऊन बाबांना फोन केला. सगळं सांगितलं, वनिताच्या हातापर्यंत.

बाबा म्हणाले, "रेषेक हात लागलो मा? मगे तू आउट नाय."