आतेच्या वांग्यांना घातलेलं पाणी

"वयनी, इंग्लिश शिकलेल्या पोरीन झाडांक जंतू पाजल्यान. आता रडान काय होतला?"

आतेची शेजारीण हे कुंपणापलीकडून बोलली. आपण हळू बोलतोय असं तिला वाटत असावं. मी चार पावलांवर वांग्याच्या ओळीत उकिडवी बसले होते. ऐकलंच नाही असं दाखवून मी उभी झाडं मोजत राहिले. मोजण्यासारखी फार उरली नव्हती.

मिठबावातला हा मळा माझ्या आतेचा. तिची वांगी उभ्या उभ्या मरत होती. पान हिरवंच असायचं, पण दुपारी लोंबायचं, आणि तीन-चार दिवसांत झाड संपायचं. पहिल्यांदा आले तेव्हा एक खोड कापून मी पाण्याच्या ग्लासात धरलं होतं. कापलेल्या जागेतून दुधासारखा धागा खाली उतरला. तेच रोगाचे बॅक्टेरिया. आते म्हणाली, "झाडाक पू झालो गो!"

मी ज्या प्रयोगशाळेत काम करते तिथे आम्ही या बॅक्टेरियांना मारणारे विषाणू वाढवतो. त्यांना बॅक्टेरियोफेज म्हणतात. ते बॅक्टेरियात शिरतात, आत वाढतात आणि त्याला फोडून बाहेर पडतात. झाडाला किंवा माणसाला काही करत नाहीत. सुकलेलं झाड त्यांनी उठत नाही, पण अजून उभं असलेलं कदाचित वाचतं.

आतेला सगळ्या मळ्याचं एवढं वाटत नव्हतं. उजवीकडच्या शेवटच्या ओळीतली दोन झाडं तिने बियाण्यासाठी राखली होती. तिच्या सासूकडून आलेलं ते बी वाडीत दुसऱ्या कुणाकडेच उरलं नव्हतं. त्या झाडांवरची वांगी बियाण्यासाठी पिकून पिवळी पडेपर्यंत तरी झाडं जगायला हवी होती. अजून ती जांभळीच होती.

दहा दिवसांपूर्वी मी तिला त्या विषाणूंची बाटली आणून दिली. विषाणू उन्हात मरतात, म्हणून औषध तिन्हीसांजेला घालायचं होतं, आणि माझी शेवटची एसटी त्याआधीच होती. मी कागदावर लिहून दिलं: बादलीत किती मिसळायचं, उजव्या ओळींच्या मुळाशी ओतायचं, डाव्या ओळींना नुसतं पाणी, म्हणजे फरक कळेल. बाटलीबरोबरच्या इंग्रजी सूचनेत आणखी एक ओळ होती, पाण्यात क्लोरीन नसावं अशी. ती मी गाळली. क्लोरीन शहरातल्या नळाला असतं, इथे कुठलं, असं मला वाटलं. शिवाय ते समजावत बसायचं तर मालवणीत बोलावं लागलं असतं, आणि माझं मालवणी ऐकून आतेच्या घरात सगळे हसतात.

आज प्रयोगशाळेतले आमचे सर पाहायला आले होते. त्यांच्याजवळ बर्फाच्या डब्यात औषधाची आणखी एक बाटली होती. दोन्हीकडच्या ओळी बघून ते मला म्हणाले, "नो डिफरन्स. लिहून घे. ही बाटली आता नांदगावच्या मिरचीला देऊ."

"काय म्हणतत सायब?" शेजारणीने विचारलं.

"औषध लागू पडूक नाय म्हणतत," आते म्हणाली. मग तिचा आवाज चढला. "पण माझ्या हातान काय एक चुकूक नाय हां! एरवी मी व्हाळाचा पाणी घालतंय. औषधाक म्हणान मुद्दाम पंचायतीच्या बावीचा हाडलंय. त्याच सकाळी पावडर टाकलेली तेच्यात. कसा चोख पाणी!"

पंचायतीच्या विहिरीत टाकतात ती पावडर म्हणजे ब्लीचिंग पावडर. म्हणजे क्लोरीन, जे ओढ्याच्या पाण्यात नसतं. विषाणू बादलीतच मेले होते. मुळाशी पोचलं ते नुसतं पाणी, दोन्हीकडे.

सरांना मालवणी कळत नाही; हे त्यांना इंग्रजीत हळूच सांगता आलं असतं. आतेला कळलं नसतं, शेजारणीला तर नाहीच. पण मग आते जन्मभर हेच धरून बसली असती की आपलाच हात वाईट. आणि काहीच सांगितलं नाही, तर बाटली नांदगावला जाणार होती. सरांनी डब्याचं झाकण लावलं. बियाण्याच्या एका झाडाचं वरचं पान मघाशी ताठ होतं, ते आता किंचित कललेलं दिसत होतं. की मलाच तसं वाटत होतं? सर फाटकापर्यंत पोचले. आते त्यांच्यामागून चहाचे कप घेऊन निघाली होती.

मी उठले. शेजारीण कुंपणावरून वाकून पाहत होती.

"आते, तुझा काय एक चुकूक नाय. ती पावडर आमच्या औषधाक मारता, आणि ता मी कागदार लिवकच नाय. चुकी माझी. सर, थांबा. ती बाटली नांदगावला नको, इथे द्या. व्हाळाचं पाणी मी स्वतः आणते."