भिंगाच्या कड्याचा स्क्रू

शटर अडकलं म्हणून थोरल्याने वडिलांचा जुना कॅमेरा उघडायला घेतला, पण भिंगाच्या कड्याचा एक स्क्रू काही केल्या हलेना. तेल सोडून झालं, पेचकस बदलून झाला, पण गडी ढिम्म.

"दादा, सोड की आता. खाच झिजवशील," पलीकडच्या टेबलावरून धाकटा म्हणाला. दोघा भावांचं कॅमेरा दुरुस्तीचं दुकान एकच.

थोरल्याने सोल्डरिंगचं तापलं टोक स्क्रूच्या डोक्यावर टेकवलं. कडेने पांढरा फेस आला, जळका वास सुटला. गोंद! स्क्रू सैल पडू नये म्हणून हे भाऊ नेलपॉलिशचा थेंब लावत. तो सहज निघतो, आणि आज ना उद्या उघडावं लागतंच. गोंद लावतो तो कुणी उघडूच नये म्हणून.

गरम आहे तोवर त्याने पेचकस दाबून फिरवला. स्क्रू सुटला. आत वडिलांच्या निळसर भिंगाच्या जागी दीडदमडीची काच.

"भिंग कुठंय रे?"

"विकलं." धाकट्याने मान वर केली नाही. "तू कधी उघडशील असं वाटलं नव्हतं."

"केसाने गळा कापलास की लेका! आणि वर खाचेची काळजी?"

थोरल्याने तेलकट तळहात पुढे केला.

"दुकानाची किल्ली ठेव इथं."