वाळवून तोललेला मका

आमच्या ऑफिसात एक गृहस्थ बसतात, त्यांना बघितलं की मला दुपारचा डबा जात नाही. कागद उलटताना बोट जिभेला लावणार, मग तेच बोट कागदाला, आणि तो कागद शेवटी माझ्या टेबलावर येणार. सगळे त्यांना 'वरीलप्रमाणे' म्हणतात. का ते पुढे येईलच. मी आवक-जावक बघते. ऑफिस शेतीच्या आकडेवारीचं. कुठल्या भागात किती पीक आलं ते इथे गोळा होतं आणि वर जातं. प्रत्येक कागदावर मी शिक्का मारते आणि मग साबणाने हात धुते. सांगायचं आहे मला माझ्या नणंदेबद्दल, पण या माणसाला वगळून तिची गोष्ट सांगता येत नाही, हे आमचं नशीब.

नणंद माझ्या नवऱ्याहून लहान. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहते. घरात तिला 'वाळवण' म्हणतात, कारण ओलं म्हणून काही तिला खपत नाही. भिजलेली छत्री उघडून ठेवायची, चमचे पुसून फडक्यावर ओळीने मांडायचे, आणि भावाने ओला टॉवेल पलंगावर टाकला की घरात महायुद्ध. एकदा लग्नाला निघताना, गाडी दारात उभी असताना, तिने माझा दमट ब्लाउज अंगावरून उतरवून घेतला होता. जीव नकोसा करते. पण आमचं कपाट उघडलं तर कुबट वास कधी आलेला नाही, हेही सांगायला हवं.

कामाने ती मोजणीदार, करारावर. नेमणूक दर वर्षी नव्याने होते. कापणीच्या दिवसांत ठरवून दिलेल्या शेतात जायचं, दोरी लावून एक तुकडा आखायचा, तेवढ्यातली कणसं काढायची, दाणे सोडवून तोलायचे. त्या तुकड्यावरून अख्ख्या भागाचा मका किती ते काढतात. दाणे वाळवून तोलायचे असतात, कारण ताज्या मक्यात पाणी असतं आणि पाणी म्हणजे काही पीक नव्हे. बाकीचे मोजणीदार शेताच्या कडेलाच काटा लावून मोकळे होतात. ही मात्र दाणे घरी आणते, गच्चीवर चादर पसरते, सारखी हात फिरवत राहते, आणि दाणा दाताखाली कटकन फुटला की मगच तोलते. माझ्या दोन चांगल्या चादरी या सरकारी कामात कायमच्या गेल्या.

तिचे आकडे शेजारच्यांपेक्षा थोडे कमीच यायचे. यंदा कापणीच्या वेळी हवा दमट होती, बाकीच्यांनी ओलाचिंब मका तोलला आणि फरक डोळ्यांवर आला. साहेबांनी तिला पत्र काढलं: आकडे संशयास्पद, समक्ष येऊन खुलासा करा, नाहीतर पुढची नेमणूक नाही. त्यावर जावक नंबर मीच टाकला. घरी ती एवढंच म्हणाली, "वहिनी, हे काम गेलं तर मी काय करू गं?" चाळिशीच्या बाईला मका तोलण्याचा अनुभव बघून कोण नोकरी देणार?

ती खुलासा द्यायला आली तेव्हा साहेबांच्या खोलीत मी मुद्दाम फाइल घेऊन गेले आणि तिथेच रेंगाळले. साहेबांना गाडीच्या किल्लीने कान कोरायची सवय आहे. कोरतात, किल्ली उजेडात धरून निरखून बघतात, आणि विजारीला पुसतात. सगळ्यांसमोर.

"बाई, शेजारी एवढं पीक आणि तुमच्याकडेच दुष्काळ? शेतात गेला होतात ना नक्की?"

"गेले होते साहेब. शेजारच्यांनी वाळवून तोललं का, तेवढं बघता का?"

"ते मेटाडेटात असेल. काढा हो," असं साहेब वरीलप्रमाण्यांना म्हणाले.

मेटाडेटा म्हणजे आकड्यामागची माहिती. कोणी मोजलं, कधी, कशाने, कुठल्या पद्धतीने. स्वयंपाकघरातल्या डब्यावरची चिठ्ठीच म्हणा. ती नसली की मीठ आणि पिठीसाखर सारखीच दिसतात. ही माहिती प्रत्येक आकड्यापुढे भरायचं काम वरीलप्रमाण्यांकडे. त्यांनी सवयीने बोट जिभेला लावलं, तेच माउसला लावलं, आणि तक्ता उघडला. 'मोजणीची पद्धत' या रकान्यात पहिल्या ओळीत 'मागील वर्षाप्रमाणे' आणि खाली सगळीकडे 'वरीलप्रमाणे'. मागचं वर्ष उघडलं, तिथेही तेच. त्याच्या मागचंही तेच. असं मागे मागे जात पार पहिल्या तक्त्यापर्यंत पोचलो. तिथे लिहिलं होतं, 'प्रचलित पद्धतीने'.

"मी आलो तेव्हापासून असंच आहे साहेब," वरीलप्रमाणे म्हणाले. लाज म्हणून नाही चेहऱ्यावर. इतकी वर्षं या माणसाने पगार घेतला, आणि ओल्या मक्यापुढे काय लिहिलं आणि सुक्यापुढे काय, तर वरीलप्रमाणे!

साहेबांचा चेहरा मात्र पडला. आकड्यांचा दर्जा तपासायला समिती यायची होती आणि ती हाच रकाना आधी बघणार होती. एका क्षणात त्यांचा आवाज बदलला. तुपात घोळवलेला आवाज. "बसा ना बाई. उभ्या का? चहा सांगा रे! तुमची पद्धत जरा सविस्तर सांगता? हे लिहून घेतील."

ती खुर्चीच्या टोकावर बसली आणि सांगायला लागली. दोरी कशी ताणायची, कणसं कशी निवडायची, चादर कुठल्या बाजूला पसरायची, दव पडायच्या आत गोळा कसं करायचं, काटा आधी रिकामा कसा तपासायचा. आयुष्यात तिला हे कुणी विचारलं नव्हतं. घरी आम्ही तर कान झाकून घेतो.

"खुलासा लेखी घेतला का त्यांनी?" मी संध्याकाळी विचारलं.

"अगं, अख्खी पद्धत लिहून घेतली. अजून काय हवं?" त्या दिवशी पलंगावर ओला टॉवेल पडला होता, तो तिला दिसलाच नाही.

समिती आली, जेवली, खूश होऊन गेली. मग छापलेला अहवाल माझ्या टेबलावर आला, वर पाठवायला. मी कधी वाचत नाही, हा वाचला. पद्धतीचा रकाना गच्च भरलेला. भाषा माझ्या नणंदेची. दव, चादर, रिकामा काटा, सगळं जसंच्या तसं, आणि ते प्रत्येक भागापुढे. पुढचे आकडे मात्र तेच, शेताच्या कडेला तोललेले, पाण्यासकट. फक्त तिच्या भागापुढे आकडा नव्हता. तिथे लिहिलं होतं: 'विहित पद्धतीशी विसंगत, म्हणून वगळले.' सोबत तिच्या नावाचं पाकीट. पद्धतीचं पालन न केल्यामुळे नेमणूक पुढे चालू ठेवता येत नाही.

मी तशीच साहेबांच्या खोलीत शिरले. "साहेब, ही पद्धत तिची आहे! जिने पाळली तिलाच काढलंत? चोर सोडून संन्याशाला फाशी?"

"भावजय म्हणून बोलताय की कर्मचारी म्हणून?" साहेबांनी किल्ली कानात घातली. "सगळ्यांचा मका वाळवत बसलो तर पीक घटलेलं दिसेल. वर काय तोंड दाखवू? आता मेटाडेटा पूर्ण आहे. समितीने शाबासकी दिली. तुमच्या नणंदेचं आमच्यावर ऋणच आहे, असं सांगा तिला." किल्ली बाहेर काढून त्यांनी उजेडात धरली.

मला शिसारी आली. त्या किल्लीची आली, त्या तुपाळ आवाजाची आली, आणि त्याच आवाजाने मागवलेला चहा ती बिचारी आनंदाने प्यायली होती, त्याची सगळ्यात जास्त आली. मी अहवालावर शिक्का मारला नाही. माझं न मारणं कुणाच्या लक्षातही आलं नाही. वरीलप्रमाण्यांनी बोट ओलं करून तो मारला आणि अहवाल गेला.

पाकीट मी पोस्टात टाकलं नाही, पर्समधून घरी आणलं. अहवालाची एक प्रतही आणली. नणंद गच्चीवर रिकामी चादर झटकत होती. तिने दोन्ही उभ्या उभ्या वाचली. मी मनात शिव्या जुळवून तयार होते, तिने एक दिली असती तर मी दहा दिल्या असत्या. तिने चादरीची घडी घातली, कोपऱ्याला कोपरा लावून.

"भाषा माझीच आहे गं," ती म्हणाली. "कुठेही चूक नाही."

"अगं, पण..."

"माझ्या जागी नवीन कुणी येईल ना, वहिनी? ते हेच वाचून शिकेल. खरंच वाळवेल. मग त्याचाही आकडा कमी येईल." तिने चादर माझ्या हातात दिली. "त्याला आधी कोण सांगणार?"