दादाच्या गाडीतला बॅटरीचा दिवा

रिक्षाच्या बॅटरीवर गरम पाणी ओतलं की उठणाऱ्या आंबूस वाफेनं ती मे महिन्याची सुट्टी आठवते. दादानं मुंबईहून इवलीशी विजेची गाडी टेम्पोत घालून मालवणात आणली. माझ्या रिक्षात कधी न बसलेले बाबा तिच्यातून बाजारात मिरवून आले आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. आठवड्यानं गाडीत बॅटरीचा लाल दिवा पेटला. "बघ रे, तुका कळता," दादा म्हणाला. बॅटरीला तारा जोडतात त्या टर्मिनलवर नुसता पांढरा थर चढला होता, तांब्याभर गरम पाण्याचं काम. "बॅटरी गेली, दादा. हयली खारी हवा हिका सोसना नाय," मी सांगून टाकलं. गाडी परत मुंबईला गेली. खरं काय ते दादाला मी अजून सांगितलेलं नाही. गाडी गेली त्या संध्याकाळी मी रिक्षा पुसून दारात उभी केली, आणि बाबा तिला वळसा घालून चालतच बाजारात गेले.