दुपट्ट्याखालचं उत्तर

धनराजने मला फसवलं, आणि त्याचा फायदा विनायक सरांना झाला. तो गेल्याची बातमीसुद्धा मला सरांच्याच फोनवरून कळावी! शाळेपासूनचा मित्र माझा. कॉलेजात शिकवताना शेजारच्या टेबलावर बसले म्हणून सर त्याचे कोण?

मी बैलांची दलाली करून वर आलो. आम्ही दुपट्ट्याखाली एकमेकांची बोटं धरून भाव करतो, बाजाराला पत्ता लागत नाही. धनराज फिजिक्स शिकवायचा. एकदा तिरोड्याच्या बाजारात माझ्याशेजारी उभं राहून म्हणाला, इलेक्ट्रॉनचंही असंच, समोर दोन वाटा असल्या तर मोजेपर्यंत दोन्ही उघड्या. मी चिडलो. म्हटलं, दुपट्ट्याखाली भाव ठरलेलाच असतो, फक्त झाकलेला. तो हसला.

"बरोबर पकडलं शेठ. तिथं झाकलेलं काहीच नाही. दोन्ही वाटा खऱ्या, एकमेकींत मिसळून राहिल्या."

मग त्याने समजावलं. कुणी बघायलाच हवं असं नाही. हवेचा एक कण धडकला तरी तो कुठल्या वाटेनं गेला ही बातमी फुटते, एकाकडून दुसऱ्याकडे पसरत जाते, आणि ती मिसळण पुन्हा हाती लागत नाही. याला डिकोहेरन्स म्हणतात. बैलाला तर क्षणोक्षणी हवा धडकते, म्हणून तो कधी दोन ठिकाणी उभा दिसत नाही.

"बातमी फुटली, समजलं. पण दोनातला हाच भाव काऊन निघाला?" मी विचारलं.

तो म्हणाला, "इथंच सारे अडकून राहिले. कोणी म्हणते दोन्ही निघतात, दुनियाच दोन होते. कोणी म्हणते विचारूच नको. मले समजलं त पहिले तुलेच सांगीन."

पुढे कितीतरी वर्षं बोदलकसा तलावाच्या पाळीवर बसून मी तेच विचारायचो आणि तो "अजून नाही" म्हणायचा. आजारपणात भेटायला जावं तर सर आधीच उशाशी. मी आत शिरलो की दोघांचं बोलणं थांबायचं.

फुलचूरच्या शोकसभेत सर बोलले. दुपट्टा आला, बैल आला, "एका व्यापाऱ्याचा" प्रश्नही आला. माझं नाव आलं नाही. मग म्हणाले, शेवटी शेवटी धनराजने मला त्या प्रश्नावर आपलं मत सांगितलं... आणि ते काय, हे न सांगताच खाली बसले.

निघताना वहिनींनी, धनराजच्या बायकोने, माझा जुना दुपट्टा हातात दिला. पोरांना दाखवायला धनराज तो वर्गात न्यायचा म्हणे. घडीत अजून खडूची भुकटी आहे. मी धुतलेला नाही.

सर, बाजाराला या. याच दुपट्ट्याखाली हात घाला, हवं तर कुणाला कळू देऊ नका. पण प्रश्न माझा होता. उत्तर मला द्या.