शिपायांची तब्येत उत्तम

पीएचडीचं पाचवं वर्ष होतं आणि मला विषयाचा, बर्फाचा आणि स्वतःचा सारखाच कंटाळा आला होता. अमेरिकेत, वेस्ट विंडसरच्या अपार्टमेंटमध्ये बसून मी ब्रिटिशांच्या एका वसाहतीतल्या पोलीस दलाचे जुने वार्षिक अहवाल वाचायची. किती शिपाई आजारी पडले, कशाने, किती दिवस. एका वर्षी आजाऱ्यांचा आकडा एकदम खाली आला होता. त्याचं श्रेय मी दलात नव्याने वाटलेल्या क्विनाइनला, म्हणजे हिवतापावरच्या औषधाला, दिलं होतं, आणि त्या एका प्रकरणावर सगळा प्रबंध उभा होता. गाइडनी ते पासही केलं होतं. मे महिन्यात स्टायपेंड संपणार होता; त्याआधी डिग्री, नाहीतर बोऱ्या.

त्या हिवाळ्यात बाबा आले होते. पोलिसात हवालदार होते; निम्मी नोकरी ठाण्यात रायटर म्हणून कागद लिहिण्यात गेली. बाहेर पडायची सोय नाही, टीव्हीत मन रमेना, म्हणून ते माझ्या झेरॉक्स चाळत बसायचे. एका दुपारी चहा पिताना म्हणाले, "तुझ्या या चांगल्या वर्षात एक शिपाई पहाऱ्यावर कोसळून मेलाय. दुसरा कूच करताना. बघितलंस का?"

ते 'उल्लेखनीय घटना' या सदरात होतं. माझा विषय आरोग्य. आरोग्याचं पान संपलं की मी पुढचं वर्ष उघडायची. पाच वर्षं हेच केलं होतं.

"त्या वर्षी साहेब नवा आला होता का?"

"हो."

"मग आजारी कोण पडणार? नव्या साहेबाला आकडे चांगले लागतात. सिक रजाच देत नाहीत."

मला त्यांचा भयंकर राग आला. खरं तर माझाच आला होता. "बाबा, प्लीज. गाइडनी अप्रूव्ह केलंय ते."

"मग राहू दे की. कोण बघतंय?"

ते इतकं सहज म्हणाले की मी विचारलं, "तुम्ही कधी असं राहू दिलंय?"

बाबांनी कप खाली ठेवला. "एका पोराला ताप होता. इन्स्पेक्शन तोंडावर आलेलं. साहेब म्हणाले, सिकमधून नाव काढ. मी काढलं. गणपतीच्या बंदोबस्तावर उभा असतानाच मेला तो." मग म्हणाले, "वर्षाच्या अहवालात 'शिपायांची तब्येत उत्तम' हे मीच लिहिलं. अक्षर चांगलं होतं ना माझं."

"आईला माहीत आहे?"

"नाही."

मला त्यांची कीव आली आणि त्यांच्याकडे बघवेना. उठून मी गाइडना फोन लावला. प्रकरण मागे घेते, मेमध्ये होत नाही, एवढं सांगितलं. डिग्री आता कधी मिळेल, मिळेल की नाही, काहीच माहीत नव्हतं. बाबा दारात उभे राहून ऐकत होते.

"त्या दोघांबद्दल लिहिशील ना आता?"

"लिहीन."

"तिसऱ्याचं नाव मी सांगतो," बाबा म्हणाले.